वाजणारे पाइप शांत कसे करावेत?

रात्री अकराच्या पुढे रस्त्यावरची वर्दळ ओसरते, टीव्ही बंद होतात आणि इमारतीतले पाइप ऐकू येऊ लागतात. वरच्या मजल्यावर कुणी नळ बंद करतो आणि खालच्या घरातल्या भिंतीत ‘धाड्’ होते. फ्लशची टाकी भरताना शिट्टी वाजत राहते. पहाटे सोसायटीचा पंप सुरू झाला की त्याची घरघर पहिल्या मजल्यावरच्या पलंगापर्यंत पोचते. तान्ही बाळे, आजारी माणसे, रात्रपाळी करून आलेले लोक यांची झोप अशाच आवाजांनी मोडते. ‘जुनी इमारत आहे, चालायचंच’ म्हणत कितीतरी कुटुंबे हे वर्षानुवर्षे सोसतात. खरे तर यातले बरेचसे आवाज एखादा झिजलेला वायसर बदलून, सुटलेला क्लॅम्प घट्ट करून किंवा अँगल कॉक थोडा फिरवून थांबतात. त्यासाठी फरशी फोडावी लागत नाही. मात्र आवाज नेमका कशाचा, हे आधी ठरवावे लागते.

आधी ऐकावे, मग पाना उचलावा

निदानाचा सर्वांत उपयोगी प्रश्न आहे, ‘आवाज कधी येतो?’ नळ बंद करण्याच्या क्षणी येत असेल तर तो पाण्याच्या धक्क्याचा. पाणी वाहत असेपर्यंत शिट्टी किंवा भुणभुण चालू राहत असेल, तर वाटेत कुठेतरी पाण्याला जागा अपुरी पडते आहे. गरम पाण्याचा नळ सोडल्यावर काही वेळाने आणि बंद केल्यानंतरही टकटक होत असेल, तर पाइप प्रसरण-आकुंचन पावतो आहे. पाणीपुरवठा खंडित होऊन पुन्हा सुरू झाल्यावर फुसफुस आणि खडखड होत असेल, तर पाइपात हवा आहे. बेसिन रिकामे होताना गुडगुड होत असेल, तर दोष सांडपाण्याच्या बाजूला आहे. घरात कुणीही पाणी वापरत नसताना आवाज येत असेल, तर फ्लशची टाकी, पंप, शेजारचे घर किंवा गळती यांपैकी एकाचा संशय घ्यावा.

शोध घेताना घरातले सगळे नळ बंद करून एकेक नळ उघडावा आणि बंद करावा. दिसणाऱ्या पाइपावर हात ठेवला की कंप कुठे जास्त आहे ते कळते. भिंतीआडच्या पाइपासाठी गॅरेजमधली युक्ती चालते. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक नळावर किंवा पाइपावर टेकवून त्याची मूठ कानाजवळच्या हाडाला लावली, की आवाजाचा उगम जवळ आला की लांब गेला हे बरेच स्पष्ट होते. सगळे बंद असूनही बारीक सूंऽऽ आवाज येत असेल, तर फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकावेत आणि वीस मिनिटे फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला, तर टाकीचे रबर गळते आहे.

पाइप स्वतः फार मोठा आवाज करत नाही. तंबोऱ्याची तार नुसती छेडली तर बारीक वाजते आणि भोपळा तिचा नाद मोठा करतो, तसेच इथे आहे. पाइप ही तार आणि विटांची भिंत, स्लॅब किंवा फॉल्स सीलिंग हा भोपळा. म्हणून उपाय दोन ठिकाणी करायचे असतात. पाण्याचा धक्का आणि वेग कमी करायचा, आणि पाइप भिंतीला जिथे घट्ट टेकतो किंवा आपटतो तिथला संपर्क मऊ करायचा.

नळ बंद करताच ‘धाड्’

या आवाजाला प्लंबर ‘वॉटर हॅमर’ म्हणतात. पाइपातून पाणी धावत असते, नळ झटक्यात बंद होतो, पुढचे पाणी थांबते आणि मागून येणारे त्यावर आदळते. त्यातून दाबाची लाट तयार होऊन पाइपात मागे-पुढे पळते आणि वाटेतला सैल पाइप भिंतीवर आपटवते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी १८९७-९८मध्ये मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या पाइपांवर प्रयोग करून या धक्क्याचे गणित मांडले. लोखंडी पाइपात ही लाट सेकंदाला १२०० मीटरहून अधिक वेगाने जाते. सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारे पाणी त्यात एकदम थांबवले, तर दाब क्षणभर सुमारे १२ बारने वाढतो. घरोघरी आता असलेल्या प्लास्टिकच्या सीपीव्हीसी पाइपात लाटेचा वेग सेकंदाला साधारण ५०० मीटर असतो आणि दाबाची वाढ ५ बारच्या आसपास. गच्चीवरच्या टाकीपासून २० मीटर खाली असलेल्या घरात एरवीचा दाब जेमतेम २ बार असतो. यावरून या धक्क्याचा जोर लक्षात येतो.

हा जोर कामालाही लावता येतो. बलूनमुळे प्रसिद्ध झालेल्या जोसेफ-मिशेल मोंगोल्फिए यांनी १७९६मध्ये वॉटर हॅमरच्याच बळावर आपोआप पाणी वर चढवणारा पंप बनवला. वीज किंवा इंधन न लागणारे या जातीचे पंप उत्तराखंडच्या डोंगराळ भागातही वापरले गेले. घरात मात्र हाच धक्का दिवसातून अनेकदा बसत राहिला, तर पाइपांचे सांधे आणि नळांचे आटे सैल होतात. म्हणजे इथे प्रश्न फक्त झोपेचा नाही, गळतीचाही आहे.

पूर्वीचे फिरकीचे नळ बंद करायला तीन-चार वेढे लागत, त्यामुळे पाणी हळूहळू थांबे. आताचे पाव फेरीत बंद होणारे नळ, जेट स्प्रे, वॉशिंग मशीनमधला आणि आरओ यंत्रातला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह हे सगळे क्षणात बंद होतात. म्हणून पहिला आणि बिनखर्चाचा उपाय हाच, की नळ एक-दोन सेकंद घेऊन बंद करावा. घरातल्या छोट्या लांबीच्या पाइपात एवढी सवड दाबाची लाट मोडायला पुरते.

दुसरा उपाय पाण्याचा वेग कमी करण्याचा. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. न्हाणीघरातला नळ पूर्ण सोडून १० लिटरची बादली किती वेळात भरते ते मोजावे. अर्ध्या इंची सीपीव्हीसी पाइपात बादलीला सुमारे ८० सेकंद लागले, तर पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटरच्या जवळपास असतो. ४० सेकंद लागले, तर २ मीटर. बादली त्याहून लवकर भरत असेल, तर आवाज होणे स्वाभाविक आहे. अशा वेळी नळाखालचा अँगल कॉक थोडा थोडा बंद करत जावे आणि आवाज थांबेल पण धार पुरेशी राहील अशा ठिकाणी ठेवावा. उंच इमारतीत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. घरातल्या सगळ्याच नळांना फार दाब असेल, तर तो बिघडला आहे का, हे सोसायटीकडे विचारावे.

तिसरा उपाय म्हणजे सैल पाइप बांधणे. सिंकखाली, माळ्यावर, डक्टमध्ये जिथे पाइप उघडा दिसतो तिथे तो हाताने हलवून पाहावा. सीपीव्हीसीच्या बारीक आडव्या पाइपाला साधारण दर तीन फुटांवर आधार हवा. क्लॅम्प निखळला असेल तर भिंतीत नवी गुट्टी बसवून तो पुन्हा स्क्रूने कसावा. पाइप आणि क्लॅम्प यांच्यामध्ये नमद्याची किंवा पॉलिएथिलीन फोमची पट्टी ठेवावी. भिंतीला भोक पाडण्यापूर्वी आत विजेची वायर किंवा दुसरा पाइप जात नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

एवढे करूनही वॉशिंग मशीनचे पाणी थांबताना धक्का बसत असेल, तर ‘वॉटर हॅमर अरेस्टर’ नावाची छोटी नळकांडी मिळते. तिच्यात हवा कोंडलेली असते आणि मध्ये सरकता दट्ट्या असतो. धक्का आला की दट्ट्या मागे सरकतो, हवा दबते आणि पाइप वाचतो. ती मशीनच्या जितकी जवळ बसेल तितकी चांगली. विकत घेताना तिचे आटे नळाच्या आणि होजच्या आट्यांशी जुळतात का ते पाहावे आणि बसवताना टेफ्लॉन टेप लावावी. काही घरांत याच कामासाठी टी लावून फूटभर उभा, वरून बंद पाइप ठेवलेला असतो. त्यातली हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि तो निकामी होतो. मुख्य कॉक बंद करून सगळे नळ सोडून लाइन पूर्ण रिकामी केली, की त्यात पुन्हा हवा भरते.

शिट्टी, भुणभुण आणि थरथर

पाण्याची वाट एखाद्या ठिकाणी अरुंद झाली की पाणी तिथून वेगाने घुसते आणि शिट्टी वाजते. नळाच्या तोंडाची जाळी क्षारांनी तुंबली असेल तर ती फिरवून काढावी, रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवावी आणि जुन्या टूथब्रशने घासून परत बसवावी. बोअरवेलच्या कठीण पाण्यावर चालणाऱ्या घरांत हे काम दर दोन-तीन महिन्यांनी करावे लागते. अर्धवट बंद ठेवलेला अँगल कॉक किंवा बॉल व्हॉल्व्ह हाही शिट्टीचा नेहमीचा धनी. तो थोडा पुढे-मागे फिरवून पाहावा. जुन्या चाळींतले जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आतून गंजून इतके आखडलेले असतात, की तिथे पाइप बदलण्यावाचून इलाज नसतो.

फिरकीचा नळ सोडल्यावर घर्रर्र वाजत असेल आणि थोडा जास्त फिरवताच आवाज बंद होत असेल, तर आतला वायसर झिजलेला किंवा सैल झालेला आहे. मुख्य कॉक बंद करून नळ रिकामा करावा. नळावर फडके गुंडाळून पान्याने स्पिंडल सोडवावा, जुना वायसर नमुन्याला घेऊन हार्डवेअरच्या दुकानातून त्याच मापाचा आणावा. नवा बसवताना खालची बैठक पुसून घ्यावी. स्पिंडल जड फिरतो म्हणून त्याला खोबरेल किंवा खाण्याचे तेल लावण्याची सवय घातक आहे. तेल सीपीव्हीसीपर्यंत पोचले तर पाइपाला तडे जाऊ शकतात. सिलिकॉन ग्रीस वापरावे.

फ्लशची टाकी भरत आली की ‘हूंऽऽ’ असा लांब आवाज येतो, तेव्हा दोष बॉलकॉकचा असतो. टाकी भरत आल्यावर व्हॉल्व्ह अगदी बारीक उघडा राहतो. पडणाऱ्या पाण्याच्या लाटांवर तरंगता गोळा डुचमळतो, व्हॉल्व्ह क्षणाक्षणाला उघडतो-मिटतो आणि ती थरथर पाइपातून इमारतभर पसरते. अँगल कॉक थोडा बंद करावा. त्याने भागले नाही, तर व्हॉल्व्हचे रबर बदलावे किंवा पडद्याचा नवीन फिल व्हॉल्व्ह बसवावा. गच्चीवरच्या टाकीच्या बॉलकॉकची थरथर असेल, तर गोळ्याच्या दांडीला स्टेनलेस स्टीलच्या तारेने एक छोटा, वरून उघडा प्लास्टिकचा डबा पाण्यात बुडेल असा टांगावा. तो गोळ्याचे डुचमळणे आवरतो. आवाज कमी करण्यासाठी भरणाऱ्या पाइपाचे टोक पाण्यात बुडेल इतके लांब मात्र कधीही करू नये. पुरवठ्याचा दाब गेला, तर टाकीतले पाणी उलटे पाइपात ओढले जाऊन पिण्याचे पाणी दूषित होण्याचा धोका असतो.

गरम पाण्याची टकटक

गीझर सुरू असताना भिंतीतून येणारी टकटक बहुधा पाइपाच्या लांबण्याची असते. तीन मीटर लांबीचा सीपीव्हीसी पाइप ३० अंशांनी तापला तर जवळजवळ ६ मिलिमीटर लांबतो. तेवढाच तांब्याचा पाइप दीड मिलिमीटर आणि जीआय पाइप सुमारे एक मिलिमीटर. पाइप क्लॅम्पमध्ये किंवा भिंतीच्या भोकात सिमेंटने जखडलेला असेल, तर तो सलग न सरकता अडखळत सरकतो आणि प्रत्येक अडखळीला एक टक् वाजते.

म्हणून गरम पाण्याचा क्लॅम्प गळा आवळल्यासारखा कसू नये. पाइप पडणार नाही, पण लांबीच्या दिशेने सरकू शकेल, एवढाच तो घट्ट असावा. पाइप भिंतीतून आरपार जातो तिथे त्याच्याभोवतीचे सिमेंट हलक्या हाताने खरवडून फोमची नळी घालावी. गच्चीवरच्या सोलर हीटरपासून खाली येणाऱ्या लांब सरळ पाइपाला मध्ये वळण किंवा लूप हवा, म्हणजे लांबलेल्या पाइपाला जागा मिळते. गीझरचे तापमान ७० अंशांवर असेल तर ६० वर आणल्यानेही टकटक कमी होते. सीपीव्हीसी पाइपावर विजेच्या कामाची मऊ पीव्हीसी टेप गुंडाळू नये. तिच्यातली रसायने पाइपाला कालांतराने ठिसूळ करतात.

गीझरच्याच आतून तडतड येत असेल तर हीटिंग एलिमेंटवर क्षारांचा थर बसला आहे. थराखाली अडकलेले पाणी तिथल्या तिथे उकळते आणि तडतडते. तो थर घरच्या घरी काढू नये. एमसीबी बंद करून कंपनीच्या तंत्रज्ञाला बोलवावे.

हवा आणि सांडपाणी

मुंबईत बहुतेक भागांत पालिकेचे पाणी दिवसातून काही ठरावीक तासच येते. अनेक शहरांत ते दिवसाआड येते. रिकाम्या झालेल्या पाइपात हवा शिरते आणि पाणी आल्यावर नळ थुंकतो, खडखडतो. अशा वेळी मुख्य कॉक एकदम न उघडता सावकाश उघडावा. घरातला सर्वांत उंचावरचा नळ किंचित सोडून ठेवावा आणि धार एकसारखी झाली की तो बंद करून पुढचा नळ घ्यावा. हा त्रास रोजचाच असेल, तर गच्चीवर टाकीच्या आउटलेटजवळचा हवेचा उभा पाइप तपासून घ्यावा. तो टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच आणि मोकळा हवा. कित्येक ठिकाणी तो कचऱ्याने बुजलेला असतो. टाकी तळाला गेली की भोवरा होऊन आउटलेटमधून हवा ओढली जाते. म्हणून टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नये.

बेसिनची गुडगुड म्हणजे सांडपाण्याला मागून हवा मिळत नाही. जाताना ते न्हाणीघराच्या जमिनीतल्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमधले पाणीही ओढून नेते. या ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाण्याचे कुलूप असते. ते मोडले की दुर्गंधी आणि झुरळे घरात येतात. बेसिनखालचा बॉटल ट्रॅप हाताने सोडवून, खाली बादली ठेवून साफ करावा. केस आणि साबणाचा गाळ निघाला की बऱ्याचदा गुडगुड थांबते. न थांबल्यास गच्चीवरच्या व्हेंट पाइपाचे तोंड मोकळे आहे का, ते सोसायटीने पाहावे.

वरच्या घराचे सांडपाणी प्लास्टिकच्या उभ्या पाइपातून खळाळत जाते. जड बिडाच्या पाइपापेक्षा त्याचा आवाज जास्त असतो. पाइप घरातल्या डक्टमध्ये असेल, तर भोवती रॉकवूल भरून बोर्डाची पेटी करावी. तपासणीसाठी छोटे दार ठेवायला विसरू नये.

पंपाचा आवाज सर्वांचा

पंप थांबताना होणारा मोठा ‘धडाम्’ बहुधा एनआरव्हीचा, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हचा असतो. चढलेले पाणी उलटे यायला लागते आणि त्याची झडप आपटते. स्प्रिंगचा एनआरव्ही पाणी उलटे फिरण्यापूर्वीच मिटतो, म्हणून तो बसवून घ्यावा. पंपाखाली रबरी पॅड, पंप आणि पाइप यांच्यामध्ये रबरी जोड आणि भिंतीवरच्या क्लॅम्पना रबर, एवढ्याने इमारतीत पसरणारा कंप बराच कमी होतो. केंद्र सरकारच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते पहाटे ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पाण्याची वेळ परवानगी देत असेल, तर सोसायटीने टायमर लावून पंप या वेळेबाहेरच चालवावा.

घरातला प्रेशर पंप नळ बंद असतानाही सारखा चालू-बंद होत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा त्याच्या छोट्या टाकीतली हवा कमी झाली आहे. आधी वीज बंद करून लाइन रिकामी करावी आणि मग सायकलच्या पंपाने हवा भरावी. हवेचा दाब पंप सुरू होण्याच्या दाबापेक्षा सुमारे ०.२ बार कमी ठेवावा.

प्लंबरला कधी बोलवावे

भिंतीत दडवलेल्या (कन्सील्ड) पाइपाचा सांधा, गीझरच्या आतला भाग, उभी सामायिक लाइन आणि गच्चीच्या कडेवरचे काम यांना स्वतः हात घालू नये. भिंतीवर ओल दिसत असेल किंवा सगळे नळ बंद असताना पाण्याचा मीटर फिरत असेल, तर उशीर न करता प्लंबरला बोलवावे. आवाज कोणत्या वेळी, कोणता नळ वापरताना आणि कोणत्या भिंतीत येतो हे दोन-तीन दिवस लिहून ठेवले असेल, तर त्याला अंदाजाने फरश्या फोडाव्या लागत नाहीत.

न्हाणीघराचे नूतनीकरण चालू असेल, तर टाइल्स लागण्याआधीची वेळ महत्त्वाची. भिंतीच्या खाचेतला प्रत्येक पाइप आधाराला धरलेला आहे का, गरम पाण्याच्या पाइपावर फोमची नळी चढवली आहे का आणि वळणाजवळ त्याला लांबायला जागा आहे का, हे मालकाने स्वतः पाहावे. प्लास्टर करण्यापूर्वी लाइनची दाबाची चाचणी करून घ्यावी. मोजपट्टी भिंतीला लावून सगळ्या पाइपांचे फोटो काढून ठेवावेत, म्हणजे पुढे क्लॅम्प किंवा हुक बसवताना ड्रिल नेमके कुठे चालवायचे नाही ते कळेल.